ऐरणीवरचं डोकं

दिवसभराची झुंज आटोपली, बक्षीस कोणाला द्यायचं तेही ठरलं. पण बक्षिसाचा मानकरी विल्यम मार्शल काही केल्या सापडेना. फ्रान्सच्या शँपेन भागातल्या प्लर गावाजवळ ११७० च्या दशकाच्या अखेरीस झालेली ही टुर्नामेंट. बक्षीस म्हणून ठेवला होता पाइक जातीचा एक भला मोठा मासा. तो घेऊन निघालेल्या माणसांनी शोधत शोधत लोहाराचं दुकान गाठलं, तर मार्शलचं डोकं ऐरणीवर टेकवलेलं आणि लोहार अवजारं घेऊन त्याच्या शिरस्त्राणाशी झटत होता. तडाखे खाऊन खाऊन टोप असा चेपला होता, की डोक्यावरून निघेचना.

मार्शल पुढे पेम्ब्रोकचा अर्ल झाला. बालराजा तिसऱ्या हेन्रीच्या वतीनं त्यानं इंग्लंडचा कारभार पाहिला आणि १२१९ साली तो वारला. त्याच्या घरच्यांनी नंतर काही वर्षांतच जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं पद्यचरित्र लिहवून घेतलं. एकोणीस हजारांहून जास्त ओळींचं हे चरित्र एकाच हस्तलिखिताच्या रूपानं आजवर टिकलं आहे. माशाची आणि ऐरणीची हकिकत त्यातलीच.

मध्ययुगीन नाइटचं शिरस्त्राण पुन्हा घडवणारे आणि ते घालून मैदानात उतरणारे हजारो हौशी लोक आज युरोप-अमेरिकेत आहेत. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या कारागिरापुढे प्लरच्या लोहाराचेच प्रश्न असतात. पत्रा किती जाड घ्यायचा? तो चेपला तर आतल्या डोक्याचं काय होईल? दिसायचं कसं, श्वास कुठून घ्यायचा? या प्रश्नांना तो जी उत्तरं शोधतो, त्यांतून मध्ययुगाबद्दल असं काही कळतं जे काचेच्या कपाटात ठेवलेल्या अस्सल टोपाकडे पाहून कळत नाही.

प्रतिकृती तीन तऱ्हेच्या असतात. पहिली पाहण्यासाठी. इंग्लंडच्या कँटरबरी कॅथीड्रलमध्ये 'ब्लॅक प्रिन्स' म्हणून ओळखला जाणारा राजपुत्र एडवर्ड याचं थडगं आहे. तो १३७६ मध्ये वारला, आणि त्याचं शिरस्त्राण, हातमोजे, अंगरखा अशा वस्तू थडग्यावर टांगल्या गेल्या. सहा शतकांनंतरही त्या टिकल्या, म्हणून आता त्या जपून कपाटात ठेवल्या आहेत आणि थडग्यावर १९५४ पासून त्यांच्या प्रतिकृती लटकतात. या प्रतिकृतींवर कोणी तलवार चालवणार नाही, त्यामुळे त्या दिसायला हुबेहूब असल्या की काम झालं. दुसरी तऱ्हा नाटक-सिनेमातल्या वेशभूषेची. ती हलकी असावी लागते. तिसरी तऱ्हा लढण्याची, आणि खरी कसोटी तिचीच.

पाहण्याचा टोप आणि लढण्याचा टोप यांतला फरक पत्र्याच्या गेजपासून सुरू होतो. पत्र्याचं काम करणाऱ्या कोणत्याही माणसाला हे पाठ असतं, की गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ. १८ गेज म्हणजे जेमतेम सव्वा मिलीमीटर, १६ गेज म्हणजे सुमारे दीड ते १.६ मिलीमीटर आणि १४ गेज म्हणजे जवळपास दोन. दिवाणखान्यातल्या टोपाला १८ किंवा त्याहून पातळ पत्रा पुरतो. लढण्यासाठी १६ गेज ही साधारण किमान मर्यादा धरतात, आणि बोथट का होईना पण पोलादी हत्यारांनी लढायचं असेल तर माथ्याला दोन मिलीमीटर किंवा त्याहून जाड पत्रा घेतात. अर्ध्या मिलीमीटरचा हा फरक डोळ्यांना कळत नाही. हातात घेतलं की वजनावरून कळतो, आणि मैदानात तर पहिल्याच फटक्याला.

या बाजारात भारताचा वाटा मोठा आहे. देहरादूनमधली विंडलास स्टीलक्राफ्ट्स ही १९४३ साली सुरू झालेली कंपनी गुरखा सैनिकांच्या खुकरीसाठी ओळखली जाते. युरोपीय तलवारी, चिलखतं आणि शिरस्त्राणं घडवून ती परदेशात पाठवण्याचं कामही तिनं अनेक दशकं केलं आहे. अमेरिकेतल्या एखाद्या हौशी नाइटच्या डोक्यावरचा तेराव्या शतकातला फ्रेंच टोप उत्तराखंडात ठोकलेला असू शकतो. मराठीला हा विषय परका नाहीच. आपल्या 'जिरेटोप' या शब्दातलं 'जिरे' फारसीतून आलं आहे आणि त्याचा अर्थ कड्यांचं चिलखत. डोक्याभोवती लोखंडी कड्यांची जाळी आणि वर लोखंडी टोप, ही जोडी युरोपातल्या नाइटलाही शतकानुशतकं पुरली.

त्या टोपाचा आकार कसकसा बदलला, याची गोष्ट ओळखीच्या प्रश्नापासून सांगता येते. १०६६ मध्ये हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मन सरदार शंकूसारखा निमुळता टोप घालत. त्याला पुढे नाकावर उतरणारी एक पट्टी असे, बाकी चेहरा उघडा. तरीही ऐन लढाईत त्यांचा नेता, नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम, पडल्याची आवई उठली, आणि आपण जिवंत आहोत हे दाखवायला त्याला टोप मागे सारून सैनिकांना तोंड दाखवावं लागलं. बायोच्या प्रसिद्ध भरतकामात हे दृश्य आहे. नुसती नाकपट्टी होती तेव्हाची ही गत. पुढच्या दीडशे वर्षांत पत्रा गालांवर आला, मग तोंडावर, आणि तेराव्या शतकात संपूर्ण डोकं झाकणारा डब्यासारखा 'ग्रेट हेल्म' तयार झाला. आतला माणूस कोण, हे सांगण्याचं काम आता ढालीवरच्या, अंगरख्यावरच्या चिन्हांना आणि टोपावरच्या तुऱ्याला करावं लागलं. युरोपातल्या घराण्यांच्या चिन्हांचं शास्त्र याच काळात भरभराटीला आलं, त्यामागे या बंद टोपाचाही हातभार आहे.

सुरुवातीच्या ग्रेट हेल्मचा माथा सपाट असे. चार-पाच पत्रे वाकवून रिवेटनी जोडले की टोप तयार. लोहाराला सोपं, घालणाऱ्याला घातक. सपाट माथ्यावर वरून आलेला घाव निसटत नाही. आपली सगळी ताकद तो पत्र्यात आणि पत्र्याखालच्या मानेत उतरवतो. म्हणून पुढे माथा निमुळता होत गेला. उतारावर पडलेली कुऱ्हाड घसरते आणि तिचा बराचसा जोर बाजूला वाहून जातो. १३१४ च्या जूनमध्ये बॅनकबर्नच्या लढाईच्या आदल्या दिवशी हेन्री द बोहून हा इंग्लिश नाइट भाला रोखून एकटाच स्कॉटलंडच्या रॉबर्ट ब्रूसवर धावून गेला. ब्रूसनं घोडा बाजूला घेतला आणि रिकिबीत उभं राहून कुऱ्हाडीचा घाव घातला. स्कॉटिश कवी जॉन बार्बरनं त्याच शतकात लिहून ठेवलं आहे, की टोपासह कवटी फुटली आणि कुऱ्हाडीचा दांडाही मोडला.

टोपच नसला तर काय होतं, याचा पुरावा हाडांत सापडतो. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉस्वर्थच्या लढाईत मारला गेला. त्याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर शहरातल्या एका पार्किंगखाली सापडला. मृत्यूच्या वेळच्या ११ जखमा त्यावर मोजल्या गेल्या आणि त्यांतल्या ९ कवटीवर होत्या. हात-दंडांवर मात्र बचाव करताना होणाऱ्या जखमांचा मागमूस नव्हता. अभ्यासकांनी त्यावरून निष्कर्ष काढला, की अंगावरचं बाकी चिलखत शाबूत होतं, पण शिरस्त्राण गेलं होतं: कोणी काढलं असेल, पडलं असेल किंवा त्यानंच टाकलं असेल. त्याआधी २९ मार्च १४६१ रोजी टाउटनला झालेल्या लढाईतल्या मृतांची एक सामुदायिक कबर १९९६ मध्ये बांधकाम करताना उघडी पडली. तिथल्या कवट्यांवरही घावांवर घाव आहेत.

म्हणजे टोप डोक्यावर टिकणं हे सगळ्यांत महत्त्वाचं. इथेच प्रतिकृतीचं खरं काम सुरू होतं, कारण टोप टिकवणारी गोष्ट लोखंडाची नसते.

संग्रहालयात चौदाव्या शतकातला 'बॅसिनेट' जातीचा टोप नीट पाहिला, तर कडेनं बारीक भोकांची ओळ दिसते. ती भोकं अस्तराची आहेत. तागाच्या कापडात कापूस, लोकर किंवा घोड्याचे केस भरून गादीसारखं शिवलेलं अस्तर तिथे टाके घालून बसवलेलं असे. कापड कुजलं, चामडं गेलं, कसर लागली. उरलं ते लोखंड. त्यामुळे संग्रहालयात उभा असलेला माणूस अर्धंच शिरस्त्राण पाहत असतो आणि ते पूर्ण आहे असं समजतो. लढण्यासाठी प्रतिकृती करणाऱ्याला मात्र तो हरवलेला अर्धा भाग परत निर्माण करावाच लागतो. नाही केला, तर टोप म्हणजे डोक्यावर पालथं घातलेलं पातेलं. वरून ठोका बसला की आतल्याचे कान किणकिणणार आणि पत्र्याचा पोचा थेट कवटीला लागणार.

अस्तर करतं काय? वेगानं येणाऱ्या घावानं टोप आत ढकलला जातो. त्याला थांबायला जागा किती मिळते, त्यावर डोक्याला बसणारा जोर ठरतो. तेवढ्याच ताकदीच्या घावाला थांबायला दुप्पट अंतर मिळालं, तर सरासरी जोर निम्म्यावर येतो. म्हणून पत्रा आणि कवटी यांच्यात सगळीकडून दोनेक सेंटिमीटर तरी अंतर लागतं आणि ते अंतर भरणारी वस्तू दबत दबत थांबणारी लागते. फार मऊ गादी पहिल्याच फटक्याला तळाला टेकते. फार टणक असली तर दबतच नाही. मध्ययुगातले शिंपी हे प्रमाण अनुभवानं जमवत. आजचे लढवय्ये अस्सलपणासाठी लिनन आणि लोकरीचं शिवलेलं अस्तर वापरतात; अनेक जण त्याच्या आत गुपचूप आधुनिक फोमचा थर घालतात. फोम बाहेरून दिसत नाही, आणि शुद्धतेचा कितीही आग्रह धरला तरी ही तडजोड शहाणपणाचीच म्हणावी लागेल. कारण त्या काळचा नाइटही एकाच थरावर विसंबत नव्हता. ग्रेट हेल्मखाली कड्यांची जाळी, तिच्याखाली कापसाची टोपी, आणि पुष्कळदा अधेमधे कवटीपुरती एक लोखंडी वाटी. मराठी वाचकाला ही वाटी सहज डोळ्यांपुढे येईल. सुनील गावसकर कारकिर्दीच्या उत्तरार्धात हेल्मेटऐवजी टोपीखाली कवटीपुरतं जे कवच घालत, तशीच ती.

हीच लोखंडी वाटी पुढे मोठी झाली, कान आणि मानेच्या दिशेनं उतरली आणि तिचा बॅसिनेट झाला. तिला पुढे झडप आली. खालच्या कडेला कड्यांच्या जाळीची झालर आली, जी गळा आणि खांदे झाकते. वरचा जड डबा मग युद्धात नकोसा झाला. बॅसिनेटची निमुळती, पुढे सोंडेसारखी आलेली झडप पाहून लोक हसतात. डुकराच्या किंवा कुत्र्याच्या तोंडावरूनच तिला नावं पडली आहेत. पण तिच्यात हुशारी आहे. पत्रा चेहऱ्यापासून लांब गेल्यामुळे पोचा नाकाला लागत नाही, समोरून आलेलं टोक घसरून बाजूला जातं आणि तोंडापुढे श्वासाला जागा मिळते. इटलीतल्या दक्षिण तिरोलमधल्या चुरबुर्ग किल्ल्याच्या शस्त्रागारात असे अस्सल टोप आजही आहेत, आणि लढण्याच्या प्रतिकृती करणाऱ्यांचा हा सगळ्यांत लाडका नमुना.

बॅसिनेटचा माथा एकाच पत्र्यातून उठवणं ही लोहारकामातली अवघड विद्या. पत्रा खोलगट ठोकळ्यावर ठेवून आतून ठोकत गेलं की वाटी लवकर तयार होते, पण मधोमध पत्रा ताणला जाऊन पातळ होतो. म्हणजे जिथे घाव बसायचा तिथेच कमजोर. त्याऐवजी बाहेरून, कडेकडेनं, पत्रा आत गोळा करत नेला तर माथ्याची जाडी टिकते. त्याला वेळ लागतो, पुन्हा पुन्हा तापवावं लागतं आणि हात बसलेला लागतो. जुन्या टोपांत पत्रा सगळीकडे सारखा जाड नसतो. कारागीर जिथे गरज तिथे धातू ठेवत आणि मागे, बाजूंना वजन वाचवत. कारखान्यातून आलेला आजचा पत्रा एकसारखा असतो, आणि स्वस्त प्रतिकृतींत तर त्याचे दोन अर्धे भाग साच्यात दाबून मधोमध वेल्डिंगनं जोडतात. सांधा घासून गुळगुळीत केला की डोळ्यांना कळत नाही, पण घावानं उकलला तर उकलतो नेमका तिथेच. धातूचीही तीच गोष्ट. साधं लोखंड वाकतं, पोचे घेतं. मध्यम कार्बनच्या पोलादाला नीट पाणी पाजलं तर दीड मिलीमीटरचा पत्राही जाड पत्र्याचं काम करतो आणि मानेवरचा भार हलका होतो. पंधराव्या शतकातल्या उत्तम कारागिरांना हे पाणी पाजणं ठाऊक होतं. लोखंडाचे सूक्ष्म नमुने तपासून ॲलन विल्यम्स या अभ्यासकानं ते सविस्तर दाखवून दिलं आहे.

माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं. त्यावर झडप आणि जाळी धरून चार-पाच किलोंचा बॅसिनेट चढला, की मानेवरचं ओझं जवळजवळ दुप्पट. त्याचा एक फायदाही आहे, कारण जड वस्तू फटक्यानं लवकर हलत नाही. पण बाजूनं झडपेच्या टोकावर बसलेला फटका तरफेसारखा काम करतो आणि मान गर्रकन फिरवतो. डोकं असं वेगानं फिरलं की कवटीला ओरखडाही न येता मेंदूला इजा होऊ शकते, आणि ती रोखणं हे अजूनही शिरस्त्राणाला न जमलेलं काम आहे. भाल्याच्या खेळासाठी मध्ययुगानं यावर एक उत्तर शोधलं होतं. पंधराव्या शतकात त्या खेळाचा खास टोप छातीच्या आणि पाठीच्या पत्र्याला घट्ट जखडून टाकत. धक्का मानेऐवजी धडात जाई. डोकं आत मोकळं राही. मात्र असा जखडलेला, आठ-दहा किलोंचा टोप घालून मान वळवता येत नाही. पायी लढणाऱ्याला तो निरुपयोगी.

आता चेहरा. जवळजवळ सगळ्या प्रतिकृती इथे अस्सल नमुन्यापासून फारकत घेतात, आणि तसं करणं योग्यच आहे.

जुन्या युद्धटोपात डोळ्यांपुढे बोटभरही रुंद नसलेली फट असते. श्वासाची भोकं पुष्कळदा उजव्या बाजूलाच जास्त, कारण समोरच्याचे घाव बहुधा डाव्या बाजूला येतात आणि भोकं पाडली की पत्रा कमजोर होतो. ब्लॅक प्रिन्सच्या टोपावर उजवीकडच्या भोकांची रचना मुकुटाच्या आकाराची आहे. एवढं करूनही धोका टळत नाही. २१ जुलै १४०३ रोजी श्रूझबरीच्या लढाईत सोळा वर्षांच्या राजपुत्र हेन्रीच्या चेहऱ्यात बाण घुसला. काडी निघाली, पाते आत सहा इंच खोल राहिलं. जॉन ब्रॅडमोर या शस्त्रवैद्यानं त्यासाठी खास चिमटा बनवला, जखम हळूहळू रुंदावत नेली आणि पाते बाहेर काढलं. नंतर स्वतःच ते सगळं लिहून ठेवलं. तोच मुलगा पुढे अझँकूरची लढाई जिंकणारा इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री तितका नशीबवान नव्हता. ३० जून १५५९ रोजी पॅरिसमध्ये लग्नसोहळ्याच्या निमित्तानं झालेल्या भाल्याच्या खेळात प्रतिस्पर्ध्याचा भाला मोडला आणि त्याची ढलपी झडपेतून राजाच्या डोळ्यापाशी शिरली. आंब्रोआज पारे आणि वेसेलियस हे त्या काळचे दोन थोर वैद्य त्याच्या उशाशी होते. तरी १० जुलैला तो गेला.

ज्यांना मनोरंजनासाठी लढायचं आहे, त्यांना ही फट परवडत नाही. म्हणून लढण्याच्या प्रतिकृतींना चेहऱ्यावर जाळी किंवा गज लावतात. कोणाला हा ऐतिहासिकतेशी केलेला द्रोह वाटतो. इतिहास वेगळंच सांगतो. १२७८ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं विंडसरला एक टुर्नामेंट भरवली. तिच्या खरेदीची यादी आजही उपलब्ध आहे. ३८ जणांसाठी चामड्याची चिलखतं, चामड्याचेच टोप, आणि देवमाशाच्या हाडाच्या तलवारी, वर चर्मपत्र आणि चांदीचा मुलामा. म्हणजे दिसायला थाट पूर्ण, आणि जिवाला धोका कमी. त्यानंतर १४६० च्या सुमारास आंजूचा रेने यानं टुर्नामेंट कशी भरवावी यावर सचित्र ग्रंथ लिहिला. त्यात बोथट तलवार आणि गदा घेऊन लढणाऱ्यांचे टोप दाखवले आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर उभ्या-आडव्या गजांची जाळी आहे. खुपसण्याची मनाई असेल तर बारीक फटीची गरज उरत नाही. जाळीतून हवा येते, आजूबाजूचं दिसतं. युद्धाचा टोप वेगळा आणि खेळाचा वेगळा, हे शहाणपण मध्ययुगाकडे होतं. जाळीचा टोप घालणारा आजचा लढवय्या रेनेच्या चित्रातल्या माणसाचाच वारसदार आहे.

आधुनिक हौशी लढाईचे नियमही याच वाटेनं तयार झाले. १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे मध्ययुगाचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या परसात मित्रमंडळींची टुर्नामेंट झाली. तिच्यातूनच 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम' ही संस्था उभी राहिली. तिथे तलवारीऐवजी वेताची काठी असते, किमान सव्वा इंच जाड. सुरुवातीच्या काळात तलवारबाजीचे मुखवटे घालून लढत; मग शीतयंत्रांत भरायच्या वायूचे रिकामे सिलिंडर कापून लोकांनी टोप केले. प्लरच्या लोहारानं हे पाहून मान डोलावली असती. हळूहळू नियम पक्के झाले. टोप १६ गेज पोलादाचा किंवा तितकाच मजबूत, आणि चेहऱ्यावरच्या गजांमधून एक इंच जाडीचा दांडा आत जाता कामा नये. सव्वा इंचाची काठी, एक इंचाहून लहान फट: हिशेब सरळ आहे. क्रिकेटच्या हेल्मेटची जाळी आणि चेंडू यांच्यातही हाच हिशेब असतो. २०१४ मध्ये सिडनीत फिलिप ह्यूजला हेल्मेटच्या खाली, मानेवर चेंडू लागला आणि दोन दिवसांनी तो गेला. मग हेल्मेटला मानेचं संरक्षण जोडण्याचा विचार जोरानं पुढे आला. बॅसिनेटच्या कडेला लटकणारी कड्यांची झालर त्याच जागेचं रक्षण करते.

वेताच्या काठीवर समाधान न मानणारे पोलादाकडे वळले. पूर्व युरोपात रुजलेल्या 'बुहुर्त' या प्रकारात बोथट पण खरी पोलादी हत्यारं असतात आणि संघ संघाशी भिडतो, पाच विरुद्ध पाच किंवा त्याहून मोठ्या संख्येनं. २०१० मध्ये युक्रेनमधल्या खोतिन किल्ल्यात 'बॅटल ऑफ द नेशन्स' ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदा झाली. २०१४ मध्ये स्पेनमधल्या बेलमोंते किल्ल्यात दुसऱ्या एका महासंघाची जागतिक स्पर्धा सुरू झाली. इथे खुपसायला सक्त मनाई, मानेच्या मागच्या भागावर घाव नाही. दोन पायांखेरीज शरीराचा तिसरा कोणताही भाग जमिनीला टेकला की लढवय्या बाद. पोलंडमध्ये ग्रुनवाल्डला, १४१० च्या लढाईच्या मैदानावर दर जुलैत होणारं सादरीकरण वेगळं. तिथे कोण जिंकणार ते सहा शतकांपूर्वीच ठरलेलं आहे. बुहुर्तचा निकाल आधी ठरलेला नसतो, त्यामुळे तिथल्या टोपावरचे पोचेही खरे असतात.

टोपाआड श्वास घेणं हा स्वतंत्र झगडा. २०११ साली लीड्स विद्यापीठातल्या ग्रॅहॅम ॲस्क्यू आणि सहकाऱ्यांनी लीड्सच्याच रॉयल आर्मरीज संग्रहालयातल्या सरावलेल्या माणसांना पंधराव्या शतकातल्या चिलखतांच्या ३० ते ५० किलोंच्या प्रतिकृती घालून ट्रेडमिलवर चालवलं, पळवलं. चालायला दुपटीहून थोडी जास्त आणि पळायला जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागली. पायांवरचं वजन हे एक कारण. शिवाय छाती-पाठीच्या पत्र्यांत अडकल्यामुळे त्यांना खोल श्वास घेता येईना. ते भराभर, उथळ श्वास घेत होते. अशा दमलेल्या माणसाच्या तोंडापुढे आणखी एक पत्रा आला, की आपलाच गरम, दमट श्वास पुन्हा आत येतो. अझँकूरला १४१५ मध्ये चिखल तुडवत, बाणांच्या माऱ्यामुळे मान खाली घालून, झडप लावून चाललेल्या फ्रेंच सरदारांची दमछाक का झाली, हे त्यावरून समजतं. त्यांच्यातच फ्रेंच सेनानी बुसिको होता, जो त्या दिवशी पकडला गेला. चिलखत घालून कसरती करण्याबद्दल तो तरुणपणी प्रसिद्ध होता, आणि त्याच्या चरित्रकारानं लिहिलं आहे, की पूर्ण चिलखतात तो कोलांटी उडी मारत असे, फक्त बॅसिनेट काढून ठेवून.

म्हणूनच फेरी संपताच लढवय्याचा मदतनीस धावतो आणि सगळ्यात आधी हनुवटीचा पट्टा सोडतो. मग झडपेची खीळ, मग टोप. घामानं ओलं झालेलं अस्तर त्याच दिवशी बाहेर काढून वाळवावं लागतं. जुन्या पद्धतीच्या टोपात ते टाके उसवून निघतं, नव्यात बंद असतात. पत्रा पुसून तेलाचा हात फिरवला नाही, तर रात्रीत गंज धरतो. चामड्याचे पट्टे, त्यांचे रिवेट, झडपेच्या बिजागऱ्या तपासायच्या, कारण तडाख्यानं आधी तेच सैल होतात. पोचे आतून गोल डोक्याच्या ठोकळ्यावर टेकवून बाहेर काढतात. हे फार वेळा करता येत नाही. त्याच जागी पुन्हा पुन्हा ठोकलेलं लोखंड कडक आणि ठिसूळ होतं, शेवटी केसासारखी बारीक चीर दिसू लागते. टोप उजेडाकडे धरून कारागीर आधी ती शोधतो, विशेषतः डोळ्यांच्या फटीच्या दोन्ही टोकांशी. चीर सापडली, तर तो टोप लढणाऱ्याला परत मिळत नाही.